सफारीचे पाठभेद

जालना हे नाव कुंडलिका नदीच्या दोन्ही काठांवर नांदते. एका काठावर जुना जालना, दुसऱ्या काठावर नवीन जालना. त्यातले 'नवीन'ही काही कालपरवाचे नव्हे. जुन्या नोंदींत त्या वस्तीला कादराबाद म्हटलेले आढळते. म्हणजे वस्ती आधीच वेगळ्या नावाने होती, 'जालना' हे नाव तिला पुढे मिळाले. नाव आणि वस्तू यांच्यातले हे नाते साहित्याच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. दुसऱ्या आवृत्तीला आपण तेच पुस्तक मानतो. पण लेखकाने सगळी प्रकरणे नव्याने लिहून शीर्षक मात्र जुनेच ठेवले, तर? हा प्रश्न आम्ही येथे एका मोटारीला, टाटांच्या सफारीला, विचारणार आहोत. विषय या पानांना थोडा परका वाटेल, याची कल्पना आहे. परंतु पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताच्या पाठभेदांतून चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, आणि त्याच पुणे परिसरात सफारीचेही सगळे पाठ घडले. तेव्हा पद्धत उसनी घेण्यास हरकत नसावी.

सफारीची वंशावळ एका मालवाहू गाडीपाशी सुरू होते. टेल्कोने १९८८मध्ये टाटामोबाइल ही पिकअप आणली. तिच्याच सांगाड्याच्या आधाराने १९९१मध्ये सिएरा, १९९२मध्ये इस्टेट आणि १९९४मध्ये सुमो निघाली. सुमो हे नाव जपानी मल्लावरून आले, असा समज अजूनही आढळतो. ते आहे सुमंत मुळगावकरांच्या नावातली आद्याक्षरे जोडून केलेले. कंपनी उभारणाऱ्या या अभियंत्याचे निधन १९८९मध्ये झाले, आणि पाच वर्षांनी त्यांचे नाव मराठवाड्याच्या फुफाट्यातून दहा-दहा माणसे वाहू लागले. आमच्या मते मराठी माणसाचे इतके फिरलेले आणि इतके न ओळखले गेलेले स्मारक दुसरे नसेल.

१९९८ची सफारी ही याच घराण्यातली. दोन लांब पोलादी तुळया, त्यांना जोडणारे आडवे दांडे आणि या शिडीवर वेगळी बसवलेली काया, ही तिची रचना. पुढे २००५मध्ये तीन लिटरचे डायकोर इंजिन आले, २००७मध्ये २.२ लिटरचे. चेहरा थोडा बदलला, दिवे बदलले. पाठचिकित्सेच्या भाषेत ही शब्दांची दुरुस्ती, संहिता तीच.

खरी गंमत २०१२मध्ये झाली. 'सफारी स्टॉर्म' नावाने आलेली गाडी पाहणाऱ्याला जुनीच वाटली. तोच उंच बांधा, मागच्या बाजूला चढत गेलेले तेच छत. परंतु आतली शिडी जुनी नव्हती. ती २०१०च्या आरिया या गाडीच्या सांगाड्यावरून घेतलेली होती. मुखपृष्ठ जवळजवळ तेच, आतला मजकूर मात्र दुसऱ्या ग्रंथाचा. याची तक्रार फारशी कोणी केली नाही, कारण वाचकाची ओळख मुखपृष्ठाशी होती. २०१७मध्ये भारतीय सैन्याने ३,१९२ स्टॉर्म गाड्यांसाठी करार केला, आणि २०१९मध्ये सामान्य ग्राहकासाठी ही सफारी थांबली. सुमोही त्याच वर्षी थांबली.

त्याच वर्षीच्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात टाटांनी एक सात आसनी गाडी दाखवली. नाव बझर्ड. २०२०च्या फेब्रुवारीत तीच दिल्लीजवळच्या प्रदर्शनात 'ग्रॅव्हिटास' म्हणून उभी राहिली. २०२१च्या जानेवारीत जाहीर झाले की ती सफारी आहे! येथे ग्रंथ आधी लिहून झाला आणि प्राचीन नाव नंतर चढवले गेले. शिडी गेली, काया आणि सांगाडा एकजीव झाले. आराखडा लँड रोव्हरच्या घरातून आला (ती कंपनी टाटांकडे २००८मध्ये आली होती), इंजिनाचे कूळ फियाटचे, आणि जुन्या सफारीत चारही चाकांना जोर देण्याची जी सोय मिळे, ती या गाडीला उतरतानाच नव्हती. आमचा निर्णय स्पष्ट आहे: ही आवृत्ती नव्हे, स्वतंत्र ग्रंथ आहे. चांगला ग्रंथ आहे, हे वेगळे.

मग जुन्या पाठातले नेमके काय गळाले? शिडीपेक्षा आम्हाला मागची आसने महत्त्वाची वाटतात. कमांडर जीप, सुमो, सफारी स्टॉर्म, सगळ्यांत मागे समोरासमोरची आडवी बाके. त्यांवर बसलेल्यांचे गुडघे एकमेकांना लागत, आणि प्रवासभर परक्याच्या तोंडाकडे पाहणे भाग पडे. काळ्या-पिवळ्या जीपगाड्यांतून आठवडी बाजाराला जाणारे आणि वऱ्हाडाच्या सुमोत कोंबलेले, दोघांचीही बोलणी या बाकांनी घडवली. याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. अपघातात हीच बाके सर्वांत धोक्याची, आणि तेथे बसवले जात ते सहसा पोरे आणि मानाने धाकटे. २०२१च्या सफारीत सगळी आसने पुढे तोंड करून आहेत. प्रत्येकाला पट्टा आहे, प्रत्येकाला समोरच्याची पाठ दिसते.

रस्ताही दरम्यान बदलला. डिसेंबर २०२२मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा खुला झाला आणि जालना त्या ७०१ किलोमीटरांच्या वाटेवर आले. २०२५च्या जूनमध्ये शेवटचा टप्पा सुरू झाला. शिडीच्या सांगाड्याचे खरे काम ढेकळांतून, ओढ्यांतून आणि खड्ड्यांतून पार होण्याचे. अशा सरळ, गुळगुळीत रस्त्यावर ते वजन नुसते डिझेल खाते.

टाटांनी नोव्हेंबर २०२५मध्ये सिएरा हे नावही परत काढले. नावे अशी परततात. पोलादाची वाट निराळी. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून सळई करणाऱ्या भट्ट्या आहेत. त्या भंगारात कोणत्या गाडीचा कोणता पाठ होता, हे सळई विकत घेणारा विचारत नाही. तो फक्त किती मिलिमीटरची, एवढेच विचारतो.