पूर्व कोलकात्यातील पाणथळ भूमी आणि शहराचा विस्तार

कोलकाता शहराच्या पूर्वेस सुमारे १२,५०० हेक्टर क्षेत्रावर पाणथळ भूमी पसरली आहे. हुगळीच्या काठावर वसलेल्या या शहराचा उतार नदीकडे नसून पूर्वेकडे आहे. त्यामुळे सांडपाणी कालव्यांवाटे याच भागात येते. येथील उथळ तलावांना स्थानिक लोक भेडी म्हणतात. भेडीत साठवलेल्या पाण्यावर ऊन पडले की शेवाळ वाढते, त्यातून प्राणवायू मिळतो आणि जिवाणू घाणीचे विघटन करतात. शेवाळावर रोहू, कटला, मृगळ हे मासे पोसतात व शहराच्या बाजारात जातात. उरलेले पाणी भातशेतीला मिळते. ज्या कामासाठी अन्यत्र खर्चिक यंत्रणा उभारावी लागते, ते येथे मच्छीमारांच्या अनुभवावर चालते.

फाळणीनंतर निर्वासितांच्या लोंढ्यांनी कोलकात्यात घरांची तीव्र टंचाई निर्माण झाली. मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या कारकिर्दीत, १९६२ साली, पाणथळीच्या उत्तर भागात हुगळीतील गाळाचा भराव टाकण्यास प्रारंभ झाला आणि सॉल्ट लेक ही वसाहत उभी राहिली. ती गरज खरी होती, हे नाकारता येत नाही. मात्र तिची किंमत ठरविताना भेडींवर जगणाऱ्या कुटुंबांची गणना कोणी केल्याचे दिसत नाही.

पुढे राज्य शासनाने उर्वरित क्षेत्रातील जमीन व्यापार केंद्रासाठी देण्याचे ठरविले, तेव्हा एका नागरी संस्थेने उच्च न्यायालयात दाद मागितली. सप्टेंबर १९९२ मध्ये न्यायमूर्ती उमेशचंद्र बॅनर्जी यांनी विकासाची आवश्यकता मान्य करूनही येथील जमिनीचा वापर बदलण्यास मनाई केली. या निकालामागे ध्रुवज्योती घोष या शासकीय अभियंत्याचा अभ्यास होता. सांडपाण्याचे नेमके काय होते, याचा माग काढत ते या तलावांपर्यंत पोहोचले होते. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

ऑगस्ट २००२ मध्ये या क्षेत्राला रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला आणि २००६ मध्ये राज्याने स्वतंत्र कायदा केला. तरीही अतिक्रमणे सुरूच राहिली. नकाशावरील सीमा राखणे तुलनेने सोपे आहे. कालवे गाळाने भरले आणि सांडपाणी भेडीपर्यंत पोहोचेनासे झाले, की मासेमारी परवडत नाही आणि कोरडा पडलेला तलाव बांधकामासाठी विकण्याचा मोह वाढतो.