नाव मागे ठेवून गेलेली शिल्पे

१/ रिठदहून मुंबईस जाणाऱ्या इतिहासप्रेमींनी भायखळ्याची राणीची बाग केवळ प्राण्यांसाठी पाहू नये. तेथील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात, उघड्या आकाशाखाली, मूळ स्थान सुटलेली शिल्पे उभी आहेत.

२/ पहिला मान पाषाणाच्या हत्तीचा. हा मूळचा घारापुरी बेटावरचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटास ‘एलिफंटा’ म्हटले. १८६४ मध्ये इंग्रजांनी तो विलायतेस नेण्याचा घाट घातला. उचलताना यारी मोडली, हत्तीचे तुकडे झाले आणि तो येथेच राहिला. १९१४ मध्ये ते तुकडे पुन्हा सांधण्यात आले.

३/ दुसरे शिल्प अश्वारूढ प्रिन्स ऑफ वेल्सचे, म्हणजे पुढे राजा झालेल्या सातव्या एडवर्डचे. अल्बर्ट ससून यांनी दिलेला हा कांस्यपुतळा १८७९ मध्ये मुंबईच्या फोर्ट भागात उभा राहिला. लोकांनी स्वार सोडून घोड्याचा रंग तेवढा ध्यानी ठेवला : काळा घोडा! १९६५ मध्ये पुतळा या बागेत आला.

४/ आज बेटावर तो हत्ती नाही, तरी बेट एलिफंटाच. चौकात तो राजपुत्र नाही, तरी परिसर काळा घोडाच. २०१७ मध्ये तेथे नवा घोडा बसवला, तोही स्वाराविना.

५/ चौकातून काढल्याने राजपुत्राचा मान गेला. न फोडल्याने इतिहासाचा पुरावा राहिला. दोहोंतला भेद ओळखावा. आपल्या शिवारात एखादी भग्न मूर्ती वा वीरगळ दिसल्यास प्रथम हेच विचारावे : ही मूळची येथली, की कुठून आणलेली?