नौपाड्याचा पत्ता आणि छातीतली धडधड

ठाणे-कल्याण पट्ट्यात कुणी जरा विचित्र वागलं की 'याला ठाण्याला न्या' असं सहज म्हटलं जातं. खुद्द ठाण्यात राहणाऱ्याला कुठे न्यायचं, ते कुणी सांगत नाही. या थट्टेमागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. १९०१ साली सुरू झालेलं, नरोत्तमदास माधवदास यांचं नाव दिलेलं ठाण्याचं मनोरुग्णालय मुंबई इलाख्याच्या जुन्या अहवालांत 'नौपाडा' म्हणूनच येतं. मनाचा आजार म्हटला की या पट्ट्यात सरकारदरबारी तोच पत्ता होता.

तिथे कोण जायचं? आधी १८५८चा आणि मग १९१२चा कायदा होता. दोन्हींत मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाला महत्त्व होतं. रस्त्यावर भटकणाऱ्याला किंवा धोकादायक वाटणाऱ्याला पोलीस पकडून हजर करत. धडधाकट नोकरी करणारा, पण बसल्या जागी अचानक घाम फुटून 'आता मी मरणार' असं वाटणारा माणूस या कायद्याच्या नजरेत कधी आलाच नाही. आज ज्याला पॅनिक अटॅक म्हणतात, त्याच्या रुग्णाला नौपाड्याचं दार कधी लागू नव्हतं.

गंमत अशी की त्याला भीती नेमकी त्याच दाराची वाटते. 'मला वेड लागतंय' हे वाटणं हेच या झटक्याचं एक लक्षण आहे. म्हणून माणूस बोलत नाही.

मग तो जातो कुठे? छातीचं दुखणं घेऊन छातीच्या डॉक्टरकडे. आपल्याकडच्या जुन्या घरांत याला 'खफकान' म्हणत आणि हकीमसाहेब खमीरा गावजबान देत. युनानी वैद्यकात हृदय आणि भावना यांची फारकत कधी केलीच नव्हती. इब्न सिनाने हृदयाच्या औषधांवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली आणि त्यात आनंद-दुःखाची चर्चा केली. त्याच्याही आधी, इसवी सन ९३४ मध्ये वारलेल्या अबू झैद अल-बल्खीने शरीर आणि मन या दोन्हींच्या आरोग्यावर ग्रंथ लिहिला. त्यात राग, दुःख आणि वसवसे यांच्या जोडीला भीती आणि घबराट यांना वेगळं प्रकरण आहे. धुक्याकडे लांबून पाहणाऱ्याला ती भिंत वाटते, आत शिरल्यावर ती नुसती ओली हवा निघते, असा दाखला तो देतो. भीती वाटते त्या गोष्टीची हळूहळू सवय करा, असंही सांगतो. आजचे मानसोपचारतज्ज्ञ वेगळं काही सांगत नाहीत. मात्र 'आमच्याकडे हे आधीच होतं' म्हणून मिरवण्यात अर्थ नाही, कारण ते पुस्तक आपण हजार वर्षं बासनात ठेवलं.

पश्चिमेतही हा आजार आधी हृदयाच्याच खात्यात जमा होता. अमेरिकी यादवी युद्धातल्या सैनिकांची धडधड पाहून जेकब दा कोस्टा यांनी १८७१ साली त्याला चिडखोर हृदय म्हटलं. पहिल्या महायुद्धात 'सैनिकाचं हृदय' हे नाव रूढ झालं. पॅनिक डिसऑर्डर असं स्वतंत्र निदान अमेरिकी यादीत आलं ते थेट १९८० साली.

शरीरात होतं ते असं. धोका नसताना धोक्याची घंटा वाजते आणि अ‍ॅड्रेनलिन रक्तात उतरतं. हृदय धावू लागतं, हातपाय गार पडतात, पोटात गोळा येतो. श्वास अपुरा वाटतो म्हणून माणूस जास्तच श्वास घेतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात, गरगरतं. त्या मुंग्यांनी तो आणखी घाबरतो. हा फेरा साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि मग उतरू लागतो. तेवढा वेळ पाय जमिनीवर टेकून श्वास सावकाश, लांब सोडायचा. घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष द्यायचं. जागा सोडून पळायचं नाही. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना सल्ला विसरावा, तो घातक ठरू शकतो.

पहिल्यांदाच छातीत दुखलं तर मात्र स्वतः निदान करत बसू नये. १०८ला फोन करावा, ईसीजी काढावा. थायरॉइड आणि रक्तही तपासून घ्यावं. सगळं ठीक निघालं आणि तरी पुन्हा पुन्हा तेच होत असेल, तर पुढचं दार मनाच्या डॉक्टरचं. इथेच आपल्या घरांत, विशेषतः बायकांच्या बाबतीत, वर्षं जातात. 'नजर लागली', 'ऊपर का असर', मग तावीज. शेजारच्या हिंदू घरात अंगारा. दुआ जरूर करावी, पण तिच्यासाठी डॉक्टर थांबवायचं कारण नाही. १९९२-९३ नंतर मुंबई सोडून मुंब्र्यात आलेल्या कुटुंबांची भीती खरी होती, तिला कारण होतं. कारण सरल्यावरही जे शरीर दचकत राहिलं, त्याचं कुणी विचारलं नाही.

सर्वसाधारण इस्पितळात मनोविकारांची ओपीडी मुंबईत १९३८ साली जे.जे.मध्ये डॉ. के. आर. मसानी यांनी सुरू केली. १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ काढली. तिचं केंद्र नौपाड्यातच, हरिनिवासजवळ आहे. तिथे जायला मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागत नाही आणि माणूस बोलून त्याच संध्याकाळी घरी जातो. ज्याला तेवढंही जमत नाही, त्याच्यासाठी ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलिमानस सेवा आहे. क्रमांक १४४१६, फुकट, आणि मराठीत बोलता येतं.