लाटेविरुद्ध बारामती

१/ डिसेंबर १९८४. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेत काँग्रेसने लोकसभेच्या ४०० हून अधिक जागा जिंकल्या. लोणी भापकर ज्या मतदारसंघात येते, त्या बारामतीत मात्र समाजवादी काँग्रेसचे शरद पवार विजयी झाले.

२/ १९८५ साली या पक्षाला २८८ सदस्यांच्या विधानसभेत ५४ जागा मिळाल्या. सत्ता दूरच राहिली. परंतु आमदार विधान परिषदेच्या दहा जागा निवडतात, तेव्हा विजयाला सुमारे २६ मते पुरतात. मधल्या पक्षांना वरिष्ठ सभागृहाची वाट मिळते ती अशी.

३/ पवार राज्यात परतले. पोटनिवडणुकीत बारामतीने जनता पक्षाचे संभाजीराव काकडे लोकसभेत धाडले.

४/ १९८६ मध्ये समाजवादी काँग्रेस काँग्रेसमध्ये विलीन झाली. काँग्रेसविरोधात पडलेली मते, मतदाराला न विचारता, काँग्रेसच्याच पदरात पडली.