आगाऊ वर्दी न देता

मंडळी, कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कुणाकडे मागायची, हा सवाल आपल्या ओळखीचा आहे. पण कोठडीतल्या बाईपुढे तो फारच बिकट होऊन उभा राहतो. मारणारा आणि तक्रार लिहून घेणारा एकाच खात्याचा. मग तिचे म्हणणे भिंतीबाहेर न्यायचे कुणी?

१९८२ सालच्या मे महिन्यात पत्रकार शीला बारसे यांनी रीतसर परवानगी काढली आणि मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहातल्या १५ स्त्री-कैद्यांशी त्या बोलल्या. पोलीस कोठडीत आपल्याला मारहाण झाली, असे त्यांपैकी ५ जणींनी सांगितले. बारसे यांनी हे पत्राने सर्वोच्च न्यायालयाला कळवले. न्यायालयाने ते पत्रच अर्ज म्हणून दाखल करून घेतले. खरे-खोटे पाहायला मुंबईच्या निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना तुरुंगात पाठवले. पाहा, इथेही डोळा बाहेरचाच होता.

१५ फेब्रुवारी १९८३ रोजी निकाल झाला. स्त्रियांच्या कोठड्यांवर पहारा स्त्री-पोलिसांचा असावा; त्यांची चौकशी स्त्री-पोलिसांसमक्षच व्हावी; अटकेची खबर नातेवाइकाला द्यावी. आणखी एक मोठी गोष्ट म्हणजे शहराच्या सत्र न्यायालयाच्या न्यायाधीशाने, शक्यतो स्त्री न्यायाधीशाने, मुंबईतल्या पोलीस कोठड्यांना अधूनमधून अचानक भेट द्यावी.

अचानक का? साहेब येणार अशी वर्दी मिळाली, की अंगण झाडले जाते, जेवण सुधारते आणि तोंडे गप्प बसतात. हे गावातल्या कुठल्याही शाळा-तपासणीवरून गुरुजींना ठाऊक आहेच!

निकालाने सारे आपोआप सुधारले, असे मात्र नव्हे. २०१७ च्या जूनमध्ये मुंबईच्या भायखळा कारागृहात एका स्त्री-कैद्याचा मृत्यू झाला, आणि मारहाणीच्या आरोपावरून तुरुंगातल्याच कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा नोंदला गेला. पोलीस कोठडी असो की तुरुंग, आतल्यांवर आतल्यांचीच देखरेख पुरत नाही.

शिक्षकांनो, त्या निकालातली एक गोष्ट गावात जरूर सांगा. अटक झालेल्या माणसाला दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले, की 'कोठडीत छळ झाला का?' हे त्याने विचारलेच पाहिजे, आणि वैद्यकीय तपासणीचा हक्कही सांगितला पाहिजे. ज्या बाईला हे ठाऊक असेल, ती त्या एका प्रश्नाला घाबरून 'नाही' म्हणणार नाही.