मालवणमधील सागरी क्रीडा पर्यटन

मालवणमधील सागरी क्रीडा पर्यटन हे महाराष्ट्राच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण तालुक्याच्या किनाऱ्यावर, मुख्यत्वे सिंधुदुर्ग किल्ला असलेल्या कुरटे बेटाच्या परिसरात व तारकर्ली येथे विकसित झालेले पर्यटन आहे. स्कूबा डायव्हिंग, स्नॉर्केलिंग आणि पॅरासेलिंग हे त्याचे प्रमुख प्रकार होत.

पार्श्वभूमी

कुरटे बेटावरील किल्ल्याचे बांधकाम १६६४ मध्ये सुरू झाले. बेटाभोवतीच्या खडकाळ समुद्रतळावर प्रवाळ आढळतात. १९८७ मध्ये येथील २९.१२ चौ. किमी क्षेत्र मालवण सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. किल्ला व पद्मगड बेट त्याच्या गाभा क्षेत्रात येतात.

विकास

२०१० च्या दशकात संयुक्त राष्ट्रे विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने राबवलेल्या सागरी जैवविविधता प्रकल्पात स्थानिक तरुणांना पाणबुडीचे प्रशिक्षण देण्यात आले. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्ली येथे स्कूबा डायव्हिंग प्रशिक्षण संस्था उभारली. नवख्या पर्यटकासोबत प्रशिक्षक पाण्यात उतरत असल्याने पोहता न येणाऱ्यांनाही समुद्रतळ पाहता येतो. मच्छीमार कुटुंबांना नौकाफेरी व घरगुती निवासातून पूरक उत्पन्न मिळते. मात्र पावसाळ्यात हा व्यवसाय बंद असतो.

सुरक्षा व पर्यावरण

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा डायव्हिंगहून परतणारी नौका उलटून दोन पर्यटकांचा मृत्यू झाला. नौकांचे नांगर व पर्यटकांचे पाय लागून प्रवाळ तुटतात आणि त्यांची वाढ अत्यंत मंद असते. त्यामुळे ज्या प्रवाळांवर हे पर्यटन अवलंबून आहे, त्यांचे रक्षण हा त्याच्या भवितव्याचा प्रश्न ठरतो.