छायाचित्रांवरून देवळाची त्रिमितीय प्रतिकृती

आंजर्ले (ता. दापोली) येथील कड्यावरच्या गणपतीसारख्या देवळाची छायाचित्रांवरून त्रिमितीय प्रतिकृती करताना लगतच्या दोन फोटोंत किमान ६० टक्के भाग समान हवा. कळसाभोवती ८० टक्के ठेवणे बरे. झूम आणि फोकस मध्येच बदलू नयेत. एकरंगी रंगवलेल्या भिंतीवर संगणकाला जुळवायला खुणाच सापडत नाहीत आणि सपाट भिंत प्रतिकृतीत उंचसखल होते. तिथे कागदी खुणा चिकटवाव्यात, अर्थात देवस्थानाच्या परवानगीने. ढगाळ दिवस उत्तम, सावल्या सरकत नाहीत. मात्र टेपने मोजलेली अंतरे दिल्याखेरीज नुसत्या फोटोंवरून खरे माप कळत नाही. त्यांतली दोन-तीन अंतरे गणनेबाहेर ठेवून शेवटी प्रतिकृतीवर ताडून पाहावीत. दुरुस्तीच्या कामी विसंबायचे असेल तर ही पडताळणी टाळू नये.